खुर्चीखालची उखळं

माझा बाप पळण्यात पटाईत होता. जंगलखात्याचे गार्ड ओढा ओलांडून पाड्याकडे चढायला लागले, की ते आमच्या शेतापर्यंत पोचायच्या आत बाप डोंगरात गडप झालेला असायचा. बाकीचे शेतात सापडायचे, अतिक्रमणाचा दंड भरायचे आणि पावती कमरेला खोचून शिव्या घालत घरी यायचे. बाप संध्याकाळी करवंदं खात खाली उतरायचा आणि एकेकाची टर उडवायचा. आयुष्यात त्याला एकदाही दंड झाला नाही. मला याचा इतका अभिमान वाटायचा, की शाळेत पोरी आपापल्या बापांबद्दल सांगायला लागल्या की मी मध्येच तोंड घालून हेच सांगायची.

बाप गेल्यावर बऱ्याच वर्षांनी वनहक्काचा कायदा आला आणि त्या पावत्यांना एकदम सोन्याचा भाव आला. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना ते कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळणार होता. फक्त आपण आजचे नाही, जुने आहोत, हे दाखवायचं होतं. दंडाची पावती म्हणजे सरकारनेच दिलेला पुरावा. ज्याला गार्डांनी जास्त वेळा पकडलं होतं तो आता पाड्यात ऐटीत फिरायला लागला. माझ्या काकाकडे तर पावत्यांची चवडच होती. तो आईला चिडवायचा, "तुझा घरवाला लय हुशार ना? आता बघ." आईला हसू यायचं आणि रागही यायचा.

आम्ही वारली. वसईच्या पूर्वेला जो डोंगर दिसतो त्याच्या कुशीत आमचा पाडा. आमच्या वरच्या शेतात उभं राहिलं की विरारच्या बिल्डिंगा दिसायच्या आणि आकाश मोकळं असलं तर त्यांच्यामागे अर्नाळ्याकडचा समुद्र चकाकायचा. तिकडे दर वर्षी बिल्डिंगा वाढत होत्या, आणि इकडे आमचा डोंगर एक दिवस अभयारण्य झाला. बिबट्याचं चित्र काढलेला बोर्ड वाटेवर लागला. त्या दिवसापासून सरपण आणण्याला, शेत नांगरण्याला, शेवळांची रानभाजी काढण्यालासुद्धा चोरीचा वास यायला लागला. आई शेवळांच्या जुड्या घेऊन विरारच्या बाजारात बसायची. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, "मावशी, कुठल्या रानातली गं?" आई म्हणायची, "घरामागची." रान हा शब्दच ती तोंडातून काढत नसे. आणि ती काही खोटंही बोलत नव्हती.

मी बारावी पास होते, नोकरी नव्हती आणि तोंड चालतं होतं. एवढ्या भांडवलावर मला पाड्याच्या वनहक्क समितीची सचिव केलं. काका अध्यक्ष. आदिवासी संघटनेच्या एका ताईंनी कायद्याचं मराठी पुस्तक आणून दिलं, ते मी ओट्यावर बसून वाचायला घेतलं. पहिली काही पानं डोक्यावरून गेली. मग एका ओळीत अभयारण्य हा शब्द दिसला. मी परत वाचलं. हक्क फक्त साध्या जंगलात नव्हते, अभयारण्यातसुद्धा होते. बोर्ड लागला म्हणून माणूस पुसला जात नाही, असं कायदाच म्हणत होता. मी पुस्तक घेऊन अनवाणी शेताकडे धावत सुटले. आई बांधावर गवत कापत होती. मी धापा टाकत तिला ती ओळ वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता कोनाला सांगायचा नाय, का सांगायचा?" मी म्हटलं, "सगळ्यांना सांगायचं." आणि मी खरोखर ओढ्यापर्यंत सगळ्यांना सांगत गेले.

पण आमचा स्वतःचा दावा लंगडा होता. दावा आईच्या नावानं केला होता. घर, घरामागचं खळं आणि उतारावरचं शेत, एवढंच आमचं. निदान दोन तऱ्हेचे पुरावे हवे होते. आजीचा जबाब झाला होता. बापाची आई ती, पाड्यातली सगळ्यात म्हातारी. तिने सांगितलं की ती नवरी होऊन याच घरात आली आणि तिची सासूही याच घरात नवरी होऊन आली होती. हा झाला एक पुरावा. दुसऱ्याच्या जागी आमच्याकडे पळपुट्या बापाच्या गोष्टी होत्या. आता सगळी भिस्त पाहणीवर. तालुक्याचे साहेब येऊन जागा डोळ्यांनी बघणार होते. घर, शेत, बांध जुने दिसले तर ते तसं लिहिणार. नवं दिसलं तर तेही लिहिणार, आणि मग आई स्वतःच्या घरात अतिक्रमण करणारी बाई ठरणार.

साहेब येणार असा निरोप आला आणि पाड्यात लग्नघरासारखी धांदल उडाली. सरकारी माणूस आजवर आमच्याकडे दंड करायला, नाहीतर मतं मागणाऱ्यांच्या मागून आला होता. आमचं म्हणणं ऐकायला पहिल्यांदाच येत होता. काका म्हणाला, "पाहुना म्हनून येतो, तं पाहुन्यासारखाच बसवाचा." आमच्यात पाहुणा यायचा म्हणजे घर सारवल्याशिवाय चैन पडत नाही. आईने कुडाच्या भिंतींना नवा चिखल लिंपला, वर शेणाचा हात दिला. बायकांनी दारापुढे जमिनीवर तांदळाच्या पिठाने चौक काढला, अगदी लग्नात भिंतीवर काढतात तसा. शेताचे ढासळलेले बांध काकाने आणि शेजाऱ्यांनी दगड उचलून पुन्हा रचले, दगडांवरचं शेवाळ घासून काढलं. घरामागे, शेताच्या कडेला कातळाचा एक सपाट तुकडा आहे. त्यावर साहेबांना बसवायचं ठरलं, कारण तिथे सावली असते. तो कातळ खाचखळग्यांचा होता. पाहुण्याचा पाय मुरगळेल म्हणून खड्डे माती आणि शेण घालून बुजवले आणि वर असं सारवलं की कातळ आहे हे समजूसुद्धा नये. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला.

आणि काकाने कमाल केली. खाली जंगलखात्याच्या बंगल्यात झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारलेले त्याने पाहिले होते. ते त्याला फार आवडायचे. आमच्या बांधावर एक थोराड आंबा आहे. काकाने त्याला खालून वर छातीपर्यंत पट्टे मारले. लांब उभा राहून बघितलं आणि समाधानाने बिडी पेटवली. मलाही ते झकास वाटलं. मी त्याला म्हटलं, "काका, आता हे आपलं झाड सरकारी वाटतंय." तो खूश झाला.

सकाळी साहेब आले. बरोबर तलाठी होते, यंत्रावर जागा मोजणारा एक माणूस होता आणि जंगलखात्याचा गार्ड होता. साहेब तरुण होते, देशावरचे असावेत. बोलायला नम्र. चौकावर पाय पडू नये म्हणून त्यांनी लांब उडी मारून उंबरा ओलांडला, तेव्हाच मला ते आवडले. काकाने त्यांना ताडी द्यायचा विचार बोलून दाखवला आणि मी त्याला पायाने डिवचलं. कोंबडीही शिजत होती, पण साहेब म्हणाले, "पाहणीच्या वेळी फक्त पाणी घेतो." मग आम्ही सगळ्यांनी त्यांच्या पुढ्यात पाणी धरलं. कोणाचं प्यावं हे त्यांना कळेना.

मी त्यांना सगळं फिरवून दाखवलं. भराभर बोलत होते, दम लागेपर्यंत. हे घर, ही भिंत, हे आमचं शेत, हा आमचा बांध. साहेब बघत होते, मान हलवत होते, पण त्यांचा चेहरा हळूहळू अवघडत चालला होता. भिंतीला त्यांनी बोट लावलं तर ओला चिखल बोटाला लागला. बांधाचे दगड घासलेले, पांढरे. आंब्यापाशी आल्यावर त्यांनी गार्डाकडे बघितलं.

"हे खात्यानं लावलेलं झाड आहे का?"

गार्ड म्हणाला, "पट्टे तर आपलेच दिसतात, साहेब." मग घर आणि बांध दाखवत तो म्हणाला, "आणि खरं सांगू का, हे सगळं आत्ताचं दिसतंय. भिंत ओली आहे. बांध या महिन्यातला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पाहुण्याच्या मानासाठी आमचं जुनेपण घासून, लिंपून, सारवून टाकलं होतं. जे दाखवायचं होतं तेच आम्ही धुऊन काढलं होतं. मी भांडायलाच उठले. म्हटलं, "साहेब, पाहुणे येणार म्हणून लिंपलं. तुमच्याकडे पाहुणे आले तर तुम्ही चादर बदलत नाही का?"

"बदलतो ना," साहेब म्हणाले. ते रागावले नाहीत, उलट त्यांनाच वाईट वाटत होतं. "पण मला जे दिसतं तेच लिहायला लागतं, ताई. चादरीखालचं कसं लिहू?"

आई कुडाला टेकून उभी होती. तिच्या हातावर अजून शेणाचे डाग होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. ज्या हातांनी तिने दोन दिवस भिंत लिंपली होती ते हात तिने पदराखाली घेतले. मला रडू आवरेना आणि मी त्या रडण्यावरच चिडले. काका आंब्याच्या पट्ट्यांकडे बघत डोकं खाजवत होता. जणू त्या झाडानेच त्याला फसवलं होतं.

साहेब मांडवात आले. शाळेतून मागून आणलेली लोखंडी खुर्ची कातळावर मांडली होती. त्यांनी मांडीवर कागद घेतला, पेन उघडलं आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसले. तेवढ्यात खुर्चीचा मागचा पाय सारवणातून कचकन खाली गेला. खुर्ची कलली. साहेबांचं पेन उडालं. काकाने झेप घेऊन त्यांना खांद्याला धरलं नसतं तर ते उताणे पडले असते. तलाठी "अहो, अहो" करत राहिले. मी घाबरले. आता पाहणी तर बुडालीच, वर साहेबांचं हाड मोडल्याचा ठपकाही यायचा.

आणि कोपऱ्यात बसलेली आजी खो खो हसायला लागली.

"आरं, साहेबाची खुर्ची गेली उखळात," ती म्हणाली. "सासूच्या उखळात गेली."

मी आजीकडे बघितलं, मग खुर्चीच्या पायाकडे. आठवलं. लहानपणी त्या कातळावर बायका भात कांडायच्या. कातळातच खोल खड्डे होते, त्यांत भात टाकून मुसळ चालायचं. दोघी-दोघी समोरासमोर, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. खाली रस्त्याला गिरणी आली आणि कांडणं थांबलं. लग्नात हळद कुटण्यापुरतं कोणी आलं तर आलं. एरवी त्या खड्ड्यांत पाणी साचायचं, कोंबड्या पाणी प्यायच्या, बेडूक बसायचे. आम्ही ते नुसते खड्डेच समजायला लागलो होतो. पाहुण्याचा पाय मुरगळेल म्हणून बुजवले होते ते हेच.

"साहेब, उठा," मी ओरडलेच. "तुम्ही त्याच्यावर बसलाय."

साहेब उठले. मी तिथेच बसकण मारून दोन्ही हातांनी सारवण उकरायला लागले. नखांत माती गेली, पर्वा नव्हती. आई आली, शेजारणी आल्या. कोणी विळ्याने खरवडतंय, कोणी हाताने. माती ओंजळींनी बाहेर निघत होती आणि खड्डा संपतच नव्हता. काका पाण्याची कळशी घेऊन आला आणि ओतली. माती धुऊन गेली आणि आतला काळा, गुळगुळीत दगड चमकला. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. मग शेजारचा उघडला. मग त्याच्या पुढचा. एका ओळीत उखळंच उखळं निघायला लागली आणि प्रत्येक वेळी बायका "हे बघा, हे बघा" करत होत्या. आपल्या दारातला खजिना आपणच बुजवला होता, तो आपणच खणून काढत होतो. सगळ्या चिखलाने माखलेल्या, आणि सगळ्या हसत होत्या.

साहेबांनी शर्टाची बाही वर केली, गुडघ्यांवर बसले आणि पहिल्या उखळात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. त्यांनी वर बघितलं.

"हे कोणी खोदलं?"

"खोदलं कोनी नाय," आजी म्हणाली. "कांडून कांडून झाला. पहिला नुसता खळगा अस्तो, वाटीएवढा. मंग बाया कांडतात. लय खोल गेला का मुसळ निघत नाय, मंग बाजूला दुसरा धराचा."

ती काठी टेकत उठली आणि काठीनेच दाखवायला लागली. खुर्ची गेली ते तिच्या सासूचं. त्याच्या पलीकडचं सासूच्या सासूचं. सर्वांत टोकाचं कोणाचं ते तिलाही माहीत नव्हतं. ती आली तेव्हाच ते वापरातून गेलेलं होतं, त्यात पावसाचं पाणी असायचं. मग अलीकडचं तिचं स्वतःचं. त्यात हात मनगटाच्या बराच वरपर्यंत जात होता. आजीने त्याच्या काठावर तळवा फिरवला आणि म्हणाली, "हितं माझी जवानी गेली." बायका पुन्हा हसल्या.

गार्ड इतका वेळ बाजूला उभा होता. त्यानेही टोपी काढून हात घालून बघितला. बराच वेळ हात तसाच आत ठेवला. मग साहेबांना म्हणाला, "माझ्या आजीचं होतं गावाकडे. ती म्हातारी होईपर्यंत कांडत होती, तरी एवढं खोल नव्हतं." आणि यंत्रवाल्याला त्यानेच हाक मारली, "अरे, इकडे ये, इथला पॉइंट घे."

साहेबांनी पिशवीतून त्यांचं कायद्याचं पुस्तक काढलं. तेच होतं, माझ्याकडचंच, फक्त त्यांचं मळलेलं नव्हतं. विहिरी, देवाच्या जागा, दफनाच्या जागा आणि पिढ्यांच्या वहिवाटीच्या अशाच इतर खुणा पुरावा म्हणून धरता येतात, ते पान मला पाठ होतं. त्यांनी ते शोधायच्या आत मी पानाचा नंबर सांगितला. तलाठी हसले. साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही माझ्या जागी बसा." पण बसायला खुर्ची कुठे होती, ती अजून आजीच्या सासूच्या उखळाशेजारी आडवी पडलेली.

ते उकिडवे बसून लिहायला लागले. एकेक उखळ, त्याची खोली, कोणाचं, कोणी सांगितलं. लिहिता लिहिता त्यांनी आईला विचारलं, "आणि तुमचं कुठलं?"

आई एकदम गोरीमोरी झाली. ती जिथे उभी होती तिथून हलेचना. आजी म्हणाली, "पाय काढ गं." आईने पाय बाजूला घेतला. तिच्या पावलाखाली एक छोटासा खळगा होता, तळहाताएवढा, जेमतेम आमटीची वाटी बसेल इतका. तिने तो मघापासून झाकून धरला होता.

"माझा उथळच रेला," आई म्हणाली. "गिरन आली ना."

तिला लाज वाटत होती. सासूचं कोपरभर, आपलं तळहाताएवढं. साहेबांसमोर, सगळ्या बायकांसमोर. साहेब मात्र त्या छोट्या खळग्यापाशी इतरांपेक्षा जास्त वेळ बसले. त्यांनी त्यात बोटं फिरवली, खोली मोजली आणि तेही लिहिलं. म्हणाले, "हेच तर सगळ्यात महत्त्वाचं, मावशी. बाकीच्यांवरून कळतं की तुमचे लोक इथे होते. याच्यावरून कळतं की तुम्ही आहात."

पाहणी संपली. या वेळी साहेबांनी जेवणही घेतलं. आता काम झालं, म्हणाले. काकाने ताडीचा विषय पुन्हा काढला आणि या वेळी त्याला गार्डानेच डिवचलं.

अधिकारपत्रं यायला पुढे बराच काळ गेला. एवढा, की आंब्याचे पट्टे दोन पावसांनी धुऊन टाकले आणि झाड पुन्हा आमचं दिसायला लागलं. मग एकदा वसईला बोलावलं. मोठा मांडव, माइक, भाषणं. आमच्या पाड्यातल्या बऱ्याच जणांची नावं पुकारली, काही राहिलीसुद्धा, त्यांच्यासाठी मी पुढे किती वेळा कचेऱ्या झिजवल्या ती वेगळी गोष्ट. आईचं नाव पुकारलं तेव्हा ती उठलीच नाही. स्वतःचं पूर्ण नाव माइकवरून तिने कधी ऐकलंच नव्हतं. मी तिला ढकलली. ती स्टेजवर चढली, कागद घेतला, खाली उतरली आणि तो उलटा धरून माझ्याकडे दिला. मी वाचून दाखवलं. घर, खळं, शेत. आणि सुरुवातीला तिचं नाव. बापाचं नाव तिच्या नावामागे होतं, तेवढंच. मी रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम. काका पाठीवर थापा मारून म्हणाला, "तुझ्या बापाला आता पळाया नको."

आम्ही टेम्पोतून गाणी म्हणत परत आलो. पाड्यात उतरल्यावर सगळ्यांच्या गप्पा चालू होत्या, त्यात आई दिसेना. मी घरामागे गेले. तिने माळ्यावरची दोन्ही जुनी मुसळं खाली काढली होती. त्यांची धूळ झटकून तिने मूठभर भात त्या वाटीएवढ्या खळग्यात टाकला होता आणि कांडत होती. भात उडून बाहेर पडत होता, खळग्यात मावत नव्हता. ती वाकून दाणे पुन्हा गोळा करायची, पुन्हा आत टाकायची.

मी म्हटलं, "आई, तांदूळ आहे घरात. गिरणीतून आणलेला."

"तांदूळ नाय पायजे," ती मुसळ न थांबवता म्हणाली. "हा खोल कराचाय. आता कोन उठवनार नाय मना हितून."

मग तिने मला समोर उभं केलं आणि दुसरं मुसळ माझ्या हातात दिलं.